अरुंधती दिसली का?

॥ राम कृष्ण हरि ॥



लालबागेत उजेडाला तोटा नाही. रात्री बारा वाजता हमरस्त्यावर उभे राहिले तरी पोथीचे अक्षर लागेल इतका उजेड. गणपतीच्या दहा दिवसांत तर रात्र कोणती आणि दिवस कोणता हे घड्याळ पाहिल्यावाचून कळत नाही. पूर्वी येथे गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर होता. आता धूर गेला, चिमण्या गेल्या, आणि त्यांच्या जागी मान मोडेस्तोवर वर पाहावे अशा इमारती आल्या. पण आकाश काही मोकळे झाले नाही. आधी ते धुराने झाकले होते, आता ते उजेडाने झाकले आहे. उजेडानेही झाकले जाते, ही गोष्ट मनुष्याच्या लवकर ध्यानात येत नाही. ती आमच्याही ध्यानात यायला एक लग्न आणि एक कार्तिकी वारी खर्ची पडली. तेच आज संतांच्या चरणी बसून सांगावयाचे आहे.

विषय आहे अरुंधतीच्या ताऱ्याचा. उत्तरेकडे सप्तर्षी सर्वांना ठाऊक आहेत. चार ताऱ्यांचा चौकोन, त्याला तीन ताऱ्यांची शेपटी. क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री हा चौकोन. अंगिरस, वसिष्ठ आणि मरीची ही शेपटी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ. त्याच्या अगदी अंगाशी, नीट नजर लावली तरच दिसेल असा एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. पौर्णिमेच्या चंद्राची जेवढी रुंदी दिसते, तिच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडेसेच जास्त अंतर ह्या दोघांत आहे. आणि अरुंधतीचे तेज वसिष्ठाच्या पाच-सहा पटींनी कमी. म्हणून ती मोठ्या ताऱ्याच्या प्रकाशात चटकन हरवते. अरबांनी तिला ‘विसरलेली’ अशा अर्थाचे नाव दिले आणि डोळ्यांची पारख करायला तिचा उपयोग केला. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत तर ज्याचे आयुष्य सरत आले त्याला अरुंधती दिसत नाही असे म्हटले आहे.

आपल्या विवाहविधीत ह्या ताऱ्याला फार मोठा मान. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात असे सांगितले आहे की, विवाह झाल्यावर वधूने मौन धरावे, आणि रात्री ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी पाहिल्यावरच ते सोडावे. पाहा, केवढी सुंदर योजना! नव्या घरातला तिचा पहिला शब्द हा काहीतरी पाहून उच्चारलेला शब्द असावा. आधी डोळे, मग जीभ.

ही अरुंधती कोण? भागवतात ती कर्दम आणि देवहूती ह्यांची कन्या. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या जन्माची कथा आहे. तीत स्वाहेने एकामागून एक सहा ऋषिपत्नींची रूपे घेतली. पण अरुंधतीचे रूप तिला काही केल्या घेता आले नाही, असे व्यास सांगतात. तिचे तप आणि तिची पतिसेवा इतकी खरी की तिचे सोंग कोणाला वठेना. जिचे सोंग वठत नाही ती अरुंधती. हे वाक्य वाचकांनी मनात धरून ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वेदांतशास्त्रात हिच्याच नावाचा एक न्याय आहे. श्रीमत् शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो योजला आहे. ज्याला अरुंधती दाखवायची त्याला एकदम तो बारीक तारा सापडणार नाही. म्हणून दाखवणारा आधी जवळचा मोठा तारा दाखवतो आणि म्हणतो, हीच अरुंधती. नजर तेथे बसली की म्हणतो, ती नव्हे, तिच्या शेजारची. असे करत करत शेवटी जी दाखवली जाते ती खरी अरुंधती. तैत्तिरीय उपनिषदाने अन्न, प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्यांनी साधकाला आत आत नेले, ते ह्याच रीतीने. स्थूलावर नजर ठरवायची, मग सूक्ष्माकडे न्यायची. लहान मुलाला चंद्र दाखवताना आपण झाडाची फांदी दाखवतो, तसेच हे.

हे सर्व आम्ही आजवर अनेक वेळा सांगितले. चाळीच्या चौकात सांगितले, हरिनाम सप्ताहात सांगितले. अरुंधतीन्याय म्हटला की आमची जीभ अडखळत नसे. आणि वाचक हो, सांगायला लाज वाटते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे: अरुंधतीन्याय सांगणाऱ्या आम्ही कित्येक वर्षांत अरुंधती पाहिलीच नव्हती.

आता ती हकीगत ऐका.

एका वैशाखात आमच्या भजनी मंडळीतल्या एका माळकऱ्याच्या मुलीचे लग्न लालबागेतच झाले. गोरज मुहूर्त होता. खाली चौकात मांडव, वर गच्चीवर जेवणाची पाने. रात्री नऊच्या सुमारास गुरुजी वधूवरांना घेऊन गच्चीच्या उत्तरेच्या कठड्याशी गेले. आम्हीही मागोमाग गेलो. दोन उंच इमारतींच्या मधून आकाशाचा पट्टा दिसत होता, तोही खालच्या दिव्यांनी तांबूस झालेला. सप्तर्षींपैकी दोन-तीन ठिपके कसेबसे ओळखू येत होते. गुरुजींनी बोट केले, मंत्र म्हटला आणि विचारले, “ती पाहा अरुंधती. दिसली?”

भोवतालचे सगळे एका सुरात म्हणाले, “दिसली, दिसली.” जेवणाची पंगत खोळंबली होती.

मुलगी मात्र बोलली नाही. तिने कपाळावर आडवा हात धरला, टाचा उंचावल्या, पुन्हा पाहिले. मग आमच्याकडे वळली. लहानपणापासून आमच्या मांडीशी बसून हरिपाठ म्हटलेली पोर. हळूच म्हणाली, “बुवा, तुम्हांला दिसते का हो?”

आम्हांला दिसत नव्हती. वसिष्ठदेखील आम्ही अंदाजानेच धरला होता. पण इतके लोक उभे, वर उभा, गुरुजी वाट पाहताहेत, आणि आम्ही तर बुवा! बुवाला दिसत नाही म्हणजे काय? आम्ही म्हणालो, “दिसली की. ती काय तिथं.”

तिने एकदा आमच्या तोंडाकडे पाहिले आणि मान खाली घालून म्हणाली, “दिसली.”

लोक हसले, अक्षता उडाल्या, पंगत बसली. आम्ही पोटभर जेवलो. पण रात्री खोलीवर येऊन पथारीवर पडलो तेव्हा ते गृह्यसूत्र आठवले. वधूने तारा पाहावा आणि मग बोलावे. आमच्या लेकराने तारा पाहिला नाही आणि बोलली. तिच्या संसारातला पहिला शब्द खोटा निघाला, आणि तो तिच्या तोंडी आम्ही घातला. जिचे सोंग स्वाहेलाही वठले नाही तिच्या नावाने आम्ही सोंग केले!

येथे कोणी शंका घेईल: एवढे मनाला लावून घेण्यासारखे त्यात काय? हा एक विधी. तारा दिसो न दिसो, भाव महत्त्वाचा. दिवसाउजेडीच्या लग्नांतही गुरुजी आकाशाकडे बोट करतातच की.

समाधान असे. गुरुजी बोट करतात तो विधी, त्यात खोटे काही नाही. तारा तेथे आहे, ढगाआड असला काय किंवा उजेडाआड असला काय. “दिसत नाही, पण आहे, नमस्कार करा,” असे म्हटले असते तर भाव राहिला असता आणि सत्यही राहिले असते. खोटे शिरले ते ‘दिसली’ ह्या शब्दात. भाव आणि बतावणी ह्यांत हेच अंतर आहे. भाव म्हणतो, मला दिसत नाही तरी मी मानतो. बतावणी म्हणते, मला दिसले. आणि ही बतावणी एकट्याची राहत नाही. ज्याने आमच्या तोंडाकडे पाहून डोळे पुसले त्याने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. उद्या तो दुसऱ्याला असेच सांगेल. असे दहा जणांनी ‘दिसली’ म्हटले की अकरावा वर पाहणारच नाही. आणि जेव्हा कोणीच वर पाहत नाही, तेव्हा परंपरा उभी असूनही आंधळी होते.

आता थोडे ह्या ताऱ्यांच्या शास्त्राविषयी. आमच्या चाळीत विज्ञान शिकणारा एक मुलगा आहे. वरळीला १९७७ साली नेहरू तारांगण झाले. तेथे लहानपणी शाळेबरोबर गेला आणि तेव्हापासून ह्या नादाला लागला. त्याला आम्ही ह्या दोन ताऱ्यांविषयी विचारले. तो म्हणाला, “बुवा, हे दोन नाहीत, सहा आहेत.” आम्हांला थट्टा वाटली. पण त्याने नीट उलगडून सांगितले.

दुर्बीण आकाशाकडे वळल्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा १६१७ साली इटलीत गॅलिलिओ आणि त्यांचे शिष्य कास्तेल्ली ह्यांनी वसिष्ठाकडे पाहिले. डोळ्यांना एक दिसणारा तो तारा दुर्बिणीत दोन झाला. पुढे १८८९ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत पिकरिंग ह्यांनी त्या दोघांपैकी मोठ्याचा प्रकाश काचेच्या लोलकाने फोडून तपासला. त्याच्या पट्ट्यातल्या रेघा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसत. म्हणजे तोही एक नव्हे. दोन तारे इतके जवळ की सुमारे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरा घालतात. अशा रीतीने ओळखलेली जुळ्या ताऱ्यांची ही पहिलीच जोडी. मग त्या धाकट्याचीही तीच गोष्ट निघाली. त्याचा फेरा सुमारे १७५ दिवसांचा. असे एकट्या वसिष्ठाच्या जागी चौघे झाले. राहिली अरुंधती. तीही एकटी नाही. २००९ साली तिच्याजवळ एक फार मंद, तांबडा, छोटा तारा सापडला. पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनी त्यासाठी काय केले? अरुंधतीचा स्वतःचा उजेड झाकला. मोठा उजेड झाकला तेव्हा त्याच्या पोटातला लहान दिवा दिसला. चार आणि दोन मिळून सहा.

वाचक हो, जिला पाहायला वसिष्ठाच्या तेजातून नजर सोडवावी लागते, त्या अरुंधतीच्याही तेजात आणखी कोणी लपलेले होते! सूक्ष्माच्या आत सूक्ष्म असते असे आपण नित्य म्हणतो, त्याला आकाशात एवढे चांगले उदाहरण असेल असे आम्हांला वाटले नव्हते.

हे सहा जण आपल्यापासून सुमारे ८० ते ८३ प्रकाशवर्षे दूर आहेत. एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेथून निघून आपल्या डोळ्यांत यायला तेवढी वर्षे घेतो. आज जो किरण आपण पाहू तो तेथून निघाला तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता, लालबागच्या गिरण्यांचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजत होते, आणि आज फडात बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म व्हायचा होता. आणखी एक गोष्ट त्या मुलाने सांगितली. सप्तर्षींपैकी मधले पाच, म्हणजे दोन टोकांचे क्रतू आणि मरीची सोडून बाकीचे, आकाशात एकाच दिशेने, एकाच चालीने निघाले आहेत. त्यांची उत्पत्तीही एकाच ठिकाणची. अरुंधतीही त्यांच्यातलीच. क्रतू आणि मरीची वाटेत शेजारी दिसतात इतकेच. आम्ही त्याला म्हटले, “अरे, ही तर दिंडी झाली! पाच जण एका गावचे, दोघे वाटेत सामील झालेले, आणि लांबून पाहणाऱ्याला सगळी एकच माळ.” तो हसला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अलीकडे मोबाइलवर असा मजकूर फिरतो की, वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात हे आपल्या ऋषींना दुर्बिणीवाचून ठाऊक होते, म्हणूनच हे तारे वधूवरांना दाखवतात. आमच्याकडे हा मजकूर येतो तेव्हा शंभर जणांनी हात जोडलेले असतात. सूत्रात तसे कारण कोठे दिलेले नाही. आणि हे दोघे खरोखरच एकमेकांभोवती फिरत असले तरी त्या एका फेऱ्याला लाखो वर्षे लागतील. डोळ्यांनी तो कोणाला दिसणार? ऋषींनी जे पाहिले ते थोडे नव्हते. त्या बारीक ताऱ्याला त्यांनी ओळखले, त्याला एका साध्वीचे नाव दिले आणि वेदांत समजावून देण्याच्या कामाला लावले. एवढा त्यांचा मोठेपणा पुरेसा आहे. त्यांनी न पाहिलेले त्यांच्या पदरी बांधणे म्हणजे पुन्हा गच्चीवरचे तेच ‘दिसली, दिसली’. पूर्वजांना खोट्या भूषणाची गरज नाही.

असो. आता कार्तिकीची गोष्ट.

आमच्या मंडळीत एक आबा आहेत. साताऱ्याकडचे. तरुणपणी मुंबईला आले, गिरणीत साचेवाले म्हणून लागले आणि एका खोलीत पंधरा-वीस जणांच्या बिऱ्हाडात राहून त्यांनी संसार केला. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, तेव्हा कित्येकांसारखे तेही गावी गेले. वर्ष-दीड वर्ष शेतात राखण केली आणि पुढे पुन्हा लालबागला आले. गिरणीत मात्र परत जाता आले नाही. गळ्यातली माळ तेवढी कायम. आता डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून कळतो.

लग्नानंतरच्या त्या कार्तिकीला आम्ही पंचवीस-तीस माणसे पंढरपूरला गेलो. ती मुलगी आणि तिचा नवरा, दोघेही बरोबर होते. गावात जागा मिळेना, म्हणून बाहेरच्या एका मळ्यात उतरलो. एकादशीच्या पहाटे चारच्या पुढे सगळे काकड्याला उठले. चंद्र मावळला होता. तोंड धुण्याची गडबड चालू असताना लाईट गेली. क्षणभर सगळे गप्प झाले. आणि मग कोणीतरी म्हणाले, “अगं बया, आभाळ बघा!”

सबंध आकाश खाली उतरले होते. ईशान्येला सप्तर्षी उगवून वर आले होते. चौकोन वर आणि शेपटी खाली लोंबती.

आबा खाटेवर बसून होते. त्यांनी विचारले, “खाटलं वर आलंय का? शेपूट खाली हाय का?” पोरांनी हो म्हटले. “मग शेपटीतला मधला धरा. धरला? तो वशिष्ठ. आता त्याच्यावरून नजर काढू नका, पण त्याच्याकडं टक लावूनबी बघू नका. जरा बाजूला बघितल्यासारखं करा. चिकटून एक बारीक हाय. लुकलुक करंल.”

त्यांचे बोट वर होते, आणि डोळे भलत्याच दिशेला. बोट मात्र चुकले नव्हते.

ती मुलगी त्यांच्या बोटाच्या रेषेत उभी राहिली. थोड्या वेळाने तिच्या तोंडून शब्द निघाला, “दिसली!” ह्या ‘दिसली’त आणि गच्चीवरच्या ‘दिसली’त काय अंतर होते ते कानांनीच ऐकावे.

आम्हीही पाहिली. कित्येक वर्षांनी, खरोखर डोळ्यांनी पाहिली.

आम्ही आबांना विचारले, “आबा, तुम्हांला दिसते?”

“मला कुठली दिसतीया, माऊली! मला तुमचं तोंड दिसत नाही. पण चुलत्यानं मला राखणीला असताना दाखवली, मी बघितली, संपाच्या टायमाला तर रोज बघितली. ती तिथनं हलायची नाही. मी नाही बघितली म्हणून काय झालं? ही पोरं बघतील.” आणि मग हसून म्हणाले, “ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सरलं म्हणतात. तसं असंल तर लालबागचं सगळं कधीच सरलं म्हणायचं!”

आमच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही त्या मुलीला जवळ बोलावले आणि सर्वांसमोर म्हणालो, “बाळ, त्या दिवशी गच्चीवर आम्हांला दिसली नव्हती. आम्ही खोटं बोललो.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बुवा, तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मीही नाहीच म्हणाले असते.”

एवढेच. रागाने म्हणाली नाही. पण आजवर ऐकलेल्या कोणत्याही निरूपणापेक्षा हे वाक्य आम्हांला जास्त लागले.

वाचक हो, ह्या प्रसंगाचे तात्पर्य नीट पाहा. गच्चीवर आमचे डोळे चांगले होते आणि आम्ही खोटे दाखवले. मळ्यात आबांना डोळे नव्हते आणि त्यांनी खरे दाखवले. म्हणजे दाखवणाऱ्याचा अधिकार त्याला आज किती दिसते ह्यावर नाही. ‘मला दिसत नाही’ हे तो बोलू शकतो की नाही, आणि ज्याने त्याला दाखवले त्याचे बोट त्याने जसेच्या तसे जपले की नाही, ह्यावर आहे. चुलत्याने पुतण्याला, पुतण्याने गिरणगावच्या पोरांना. मधे गाव सुटले, गिरणी आली, गिरणी गेली, डोळे गेले. बोट तेवढे सरळ राहिले. परंपरा म्हणतात ती हीच.

नामदेवरायांचे चरित्र आठवा. साक्षात पांडुरंग ज्यांच्याशी बोले त्या नामदेवांना संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले आणि मडके कच्चे असल्याचे सांगितले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मला देव दिसतो, मी कच्चा कसा? नामदेव रुसले, देवाकडे गेले, पण शेवटी उणे मान्य करून विसोबा खेचरांना शरण गेले. ‘मला अजून सर्वत्र दिसत नाही’ एवढे ज्याला म्हणता आले त्याचे मडके भाजून निघाले. आम्ही बुवा लोक कच्चे राहतो ते दिसत नाही म्हणून नव्हे; तसे म्हणवत नाही म्हणून.

आता शेवटची शंका. अरुंधतीन्यायात मोठा तारा आधी दाखवतात आणि मग ‘तो नव्हे’ म्हणून सोडतात. त्याप्रमाणे विटेवरची मूर्ती, माळ, वारी, टाळ-मृदंग ही सर्व स्थूल साधने एकदा सूक्ष्म कळले की सोडावयाची की काय? पुष्कळ शिकलेली माणसे असे बोलताना आम्ही ऐकतो.

ह्याचे समाधान नामदेवांनीच आचरणाने केले आहे. विसोबांनी त्यांना देवावाचून रिते स्थळ नाही हे दाखवले. ते पाहून नामदेव पंढरी सोडून गेले का? देश हिंडले, पंजाबापर्यंत नाम पोहोचवले, आणि महाद्वारातली पायरी मात्र आपल्या नावाची करून ठेवली. त्यांना सूक्ष्म कळले, म्हणून स्थूल परके झाले नाही. उलट अधिक आपले झाले. आणि आता आकाशाचे शास्त्रही तेच सांगते. ज्या वसिष्ठाला आपण नुसती खूण समजत होतो, ज्याच्यावरून नजर पुढे सरकवायची म्हणून सांगत होतो, तो खूण नाहीच. तो स्वतः चार दिव्यांचा आहे, आणि अरुंधतीचा सोबती आहे, तिच्याच चालीने चाललेला, तिच्याच मुळातून आलेला. दाखवणारा आणि दाखवलेली एकाच दिंडीत आहेत. मग टाकायचे कोणाला? ‘तो नव्हे’ म्हणायचे ते नजर पुढे जावी म्हणून. त्याचा हात सोडायला नव्हे.

हीच गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना लावावी. चाळी पडताहेत, मोठ्या इमारती उठताहेत, तरुण मंडळी वरच्या मजल्यांवर जाताहेत. तेथे जावे, सुखाने राहावे. पण ज्यांनी आपल्याला सात तारे दाखवले त्यांना आता दिसत नाही, ऐकू येत नाही, भजनात सूर लागत नाही, म्हणून ते कामातून गेले असे समजू नये. एखाद्या पहाटे लाईट जाईल, तेव्हा बोट त्यांचेच लागेल.

आम्ही त्या कार्तिकीपासून एक नेम केला आहे. फडात कोणी पोर उठून विचारते, “बुवा, तुम्ही देव पाहिला आहे का?” पूर्वी आम्ही ह्यावर दहा दृष्टांत देऊन मूळ प्रश्न बुडवीत असू. आता म्हणतो, “नाही, बाळ. आम्हांला अजून दिसला नाही. पण ज्यांना दिसला त्यांनी बोट कोणीकडे केले ते आम्हांला पाठ आहे. ते आम्ही वाकडे होऊ देणार नाही. तू त्या रेषेत उभा राहा आणि पाहा. तुला दिसला तर आम्हांला सांग.” असे म्हटल्याने लोक उठून जातील अशी भीती वाटत होती. कोणी उठले नाही. उलट पोरे जरा पुढे सरकून बसतात.

वाचकांनाही एकच विनंती. वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला वर आलेले असतात. कार्तिकात पहाटे काकड्याच्या वेळी ईशान्येला. गावी गेलात, वारीला गेलात, तर घटकाभर दिवे मालवा आणि मुलाबाळांना घेऊन अंगणात या. मोठा तारा दाखवा, मग त्याच्या अंगाशी पाहायला सांगा. तुम्हांला दिसली तर दिसली म्हणा. नाही दिसली तर ‘आहे, पण मला दिसत नाही’ असे म्हणा. आणि लालबागेत लग्न असेल, गच्चीवर गुरुजी बोट करतील, तेव्हा पोरीला हात जोडायला सांगा आणि खरे सांगा. तिच्या संसाराचा पहिला शब्द खरा निघू द्या. तारा काय, तो वाट पाहील.

संतचरणी एवढी शब्दसेवा. उणे असेल ते आमचे.

॥ राम कृष्ण हरि ॥